दोराभर आत

गोधड्यांच्या त्या कारखान्यात बारा मशिनी होत्या, आणि अकराजणी बारावीला वचकून असायच्या. तोंडावर तिला सगळ्या ताई म्हणत, पाठ वळली की पावइंची. ती वाईट होती अशातला भाग नाही. कुणाचं पोर आजारी असलं तर त्या बाईच्या वाट्याचं काम गुपचूप ओढून पुरं करायची आणि त्याचा पुन्हा उल्लेखही करायची नाही. पण कुणी शिवलेली चौकट हातात आली की ती नुसती उजेडाकडे धरायची. बोलायची काहीच नाही. ते न बोलणं इतकं टोचायचं, की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या. नाकाने कांदे सोलावेत तर हिने, असं इस्त्रीवाले काका म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर तिच्याच डब्यात हात घालायचे.

पावइंची हे नाव तिला कामावरून पडलं होतं. गोधडीची एक चौकट म्हणजे सोळा तुकडे, चार ओळींत चार-चार. दोन तुकडे जोडताना कडेचं पाव इंच कापड शिवणीच्या आत जातं. त्याला माया म्हणतात. सगळ्या शिवणी पाव इंचावर पडल्या तर चौकट साडेबारा इंच यायला हवी. येत नसे. अकराजणींनी मशीनच्या पत्र्यावर फूटपट्टीने मोजून चिकटपट्ट्या लावल्या होत्या, डोळ्यांत तेल घालून त्या शिवायच्या, तरी चौकट सव्वाबाराच्या आसपास येऊन थांबायची. फक्त ताईची साडेबारा यायची. तिच्या मशीनवर चिकटपट्टी नव्हती, पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती.

खिडकीशेजारी जुळवणीचं टेबल होतं. चौकटी तिथे येत आणि एकमेकींना जोडल्या जात. ते टेबल ताईचं. अकराजणींच्या आखूड चौकटी ती ओढून, दाबून, कुठे एखादी शिवण उसवून पुन्हा घालून बरोबर करायची. “आण इकडे,” एवढंच म्हणायची. दिवसातून वीस वेळा तिला हे दोन शब्द म्हणावे लागायचे, आणि वीस वेळा तिला बरं वाटायचं. घरी ती एकटी होती. तिच्याकडे कुणीतरी काहीतरी घेऊन येण्याची जागा जगात ही एकच होती.

आता यातली मेख सांगतो. तीही पहिली तीन वर्षं आखूडच शिवत होती. तेव्हाचे कटिंग मास्तर तिची चौकट सगळ्यांसमोर फडकवून म्हणायचे, “ही गोधडी की हातरुमाल?” एका दुपारी रडू आवरून तिने चौकट उसवली, तुकडे पट्टीवर ठेवले, पुन्हा जोडले, पुन्हा मोजले. आणि मग तिच्या लक्षात आलं. शिवण घातल्यावर कापड दुमडतं, आणि त्या घडीत ते एका दोऱ्याची जाडी गिळून टाकतं. एका शिवणीत काही कळत नाही. सगळ्या शिवणींचं मिळून पाव इंचाला पोचतं. म्हणून पाव इंचावर शिवायचंच नाही, पाव इंचाच्या दोराभर आत, म्हणजे कडेच्या तेवढंच जवळ शिवायचं. बस, इतकंच. मास्तरांनाही ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची चौकट साडेबारा आली, आणि मास्तरांची तोंड उघडायची सोय उरली नाही.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर कुणाचं काय गेलं असतं? तिचं गेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर गेले, म्हातारे मालक गेले, त्यांचा मुलगा गादीवर बसला. तीस वर्षं ताईने मूठ उघडली नाही.

आणि धाकटी? धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईने केलं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. धाकटी विशीत आली तेव्हा तिला हाताला धरून कारखान्यात आणलं, शेजारच्या मशीनवर बसवलं. सुई कशी घालायची, दोऱ्याचा ताण कसा ओळखायचा, तिरकं कापड हातात कसं धरायचं, सगळं शिकवलं. तो एक दोरा तेवढा ठेवला.

ठरवून ठेवला असंही नव्हे. पहिल्या वर्षी मनाशी म्हणाली, जरा हात बसू दे, मग सांगू. नंतर धाकटीचं लग्न झालं, ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, आणि ताईच्या ध्यानात आलं की दिवसातून चार-पाच वेळा ही आपल्या टेबलाशी येते ती फक्त आखूड चौकटीपायी. “ताई, बघ ना गं, पुन्हा कमी आली. माझ्या हातालाच काहीतरी खोड आहे.” ताई म्हणायची, “आण इकडे.” अशी अठरा वर्षं गेली. धाकटीची खात्रीच पटली होती की आपला हात वाकडा आहे. लोकांना हसत हसत सांगायची, आमच्याकडे अक्कल ताईला वाटली आणि उरलेली मला. ताई ऐकायची. लाज वाटायची तिला. पण लाज वाटणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

मग एका सकाळी मालक पुठ्ठ्याचा छोटा खोका घेऊन आले. त्यात मशीनचे नवे फूट होते. फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा लोखंडी पाय. या नव्या फुटाच्या उजव्या अंगाला पोलादाची एक पातळ भिंत उभी होती. कापडाची कड त्या भिंतीला टेकवायची आणि मशीन सोडायचं. शिवण आपोआप पाव इंचावर.

“आजपासून डोळ्यांना सुट्टी,” मालक म्हणाले. “आंधळा माणूससुद्धा सरळ शिवेल.”

पहिला फूट धाकटीने लावून बघितला. चिंधीचे दोन तुकडे घेतले, भिंतीला टेकवले, पायडल दाबलं. शिवण ओळंब्यासारखी सरळ आली. ती चिंधी घेऊन धाकटी धावतच टेबलापाशी आली, आणि अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, “ताई, बघ! आता तुला माझं उसवायला नको. सुटलीस तू!”

सगळ्या हसल्या. इस्त्रीवाले काकाही हसले. धाकटीच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, उलट बहिणीचा भार हलका केल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसत होता. ताईला मात्र कुणीतरी हाताला धरून दाराबाहेर काढावं तसं वाटलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तिने मनात म्हटलंही. ते फुटाला म्हटलं की बहिणीला, हे तिचं तिलाच ठाऊक.

तिने आपल्या वाट्याचा फूट हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. सुई उतरायच्या भोकापासून भिंतीपर्यंत बरोबर पाव इंच. पुरतं पाव इंच. दोराभरसुद्धा आत नाही. म्हणजे आता बारा मशिनींवर चौकट आखूड येणार, आणि ती इतक्या सरळ, इतक्या सुबक शिवणीने येणार की कुणाला संशयही येणार नाही. उपायही तिला तिथल्या तिथे दिसला. भिंतीच्या आतल्या अंगाला पोस्टकार्डाच्या जाडीची एक कागदी पट्टी चिकटवायची. कामच मुळी दोन मिनिटांचं.

शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण कानात अजून ते “सुटलीस तू” वाजत होतं.

“मला नको,” तिने फूट खिडकीच्या कठड्यावर ठेवला. “माझे डोळे आहेत अजून.”

मालकांनी खांदे उडवले.

त्याच आठवड्यात मोठं काम आलं. एका नव्या वसतिगृहाला तीस गोधड्या हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या. एका गोधडीला छप्पन्न चौकटी. मालकांनी ठरवलं, आता जुळवणीची कटकट उरलेली नाही, तर ताईंनीही चौकटीच शिवाव्यात, जोडणी शेवटी एकदम करू. ताई मुकाट्याने मशीनवर बसली. पंधरा दिवस सगळ्या शिवत होत्या, आणि ती वाट बघत होती.

कसली, ते तिला नेमकं माहीत होतं. आज नाही उद्या कुणीतरी चौकट मोजणार. कपाळाला आठ्या पडणार. मग सगळ्या तिच्याकडे येणार, धाकटी सगळ्यांत पुढे. “ताई, हे असं का गं?” आणि ती म्हणणार, आण इकडे. शिवताना ती हे इतक्यांदा मनात बोलून बघायची, की एकदा ओठ हलले आणि शेजारणीने विचारलं, “काय गं ताई, जप चाललाय का?”

मोजलं मात्र कुणीच नाही. भिंतीला टेकवून शिवलंय, मग मोजायचं कशाला?

लक्षात आलं ते इस्त्रीवाल्या काकांच्या. त्यांच्या टेबलावर चौकटींचे गठ्ठे असत. ताईची चौकट वर ठेवली की चारी बाजूंनी जरा बाहेर डोकवायची.

“ताई, तुझ्या मोठ्या येतायत.”

“मोठ्या नाहीत. बरोबर आहेत.”

“मग बाकीच्यांच्या?”

“ते बाकीच्यांना विचारा.”

काकांनी विचारलं नाही. त्यांना कुणाच्या भानगडीत पडायचं नव्हतं. त्यांनी तिचा गठ्ठा वेगळा ठेवायला सुरुवात केली, एवढंच. रोज सकाळी तो वेगळा गठ्ठा दिसला की तिला वाटायचं, अजून वेळ गेलेली नाही, अजून सांगता येईल. आणि रोज ती पहिला तुकडा सुईखाली सरकवायची.

सोळाव्या दिवशी मालकांनी जोडणी धाकटीकडे दिली. ताईला विचारलंसुद्धा नाही. “आता काय, सरळ काम आहे,” म्हणाले. धाकटी अठरा वर्षांत पहिल्यांदा खिडकीशेजारच्या त्या टेबलाशी बसली. तिने ताईकडे बघून डोळे मिचकावले, लहानपणी आईच्या चपला घालून मिरवायची तशी. गठ्ठ्यांतून चौकटी घेतल्या, दोन दुसऱ्यांच्या, एक ताईची, पुन्हा दोन दुसऱ्यांच्या, आणि ओळ जोडली. मग दुसरी ओळ. दोन ओळी एकमेकींना लावल्या तर एकही कोपरा कोपऱ्याला मिळेना. मधेच कापडाला फुगा आला, पुढे चुणी पडली. तिने उसवलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिच्या कानशिलांवर घाम आला.

मालक आले. टेप आणला. एकेक चौकट मोजली. सव्वाबारा, सव्वाबारा, सव्वाबारा. मग ताईची.

“ताई, सगळ्यांच्या एकसारख्या आहेत. तुमचीच वेगळी.” मालकांचा आवाज मऊ होता, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. “होतं असं. डोळे थकतात.”

इथे ताईचा तोल गेला. तीस वर्षांत तिच्या डोळ्यांना कुणी थकलेले म्हटलं नव्हतं.

“माझी किती आहे ते मोठ्याने वाचा.”

“साडेबारा.”

“आणि कागदावर किती लिहिलीय?”

मालकांनी भिंतीवरचा नमुन्याचा कागद बघितला. साडेबारा. सगळ्या मशिनी थांबल्या होत्या. ज्या क्षणाची तिने पंधरा दिवस वाट बघितली तो हाच, आणि तो तिला चढला. ती उठून उभी राहिली.

“तुमचा फूटच चुकीचा आहे. पाव इंचावर शिवून चालत नाही. घडीत कापड दोरा खातं. दोराभर आत शिवावं लागतं. भिंतीला कागदाची पट्टी चिकटवली असती तर सगळ्यांच्या बरोबर आल्या असत्या.”

“हे तुम्हाला कधी कळलं?” मालकांनी विचारलं.

“पहिल्याच दिवशी. फूट हातात घेतला तेव्हाच.”

हे वाक्य ती अभिमानाने बोलली. आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला शत्रू लागत नाही.

अकराजणींनी पंधरा दिवस पाठ मोडून शिवलं होतं. मालक टेप गुंडाळत राहिले. आणि धाकटी तिच्याकडे टक लावून बघत होती. आधी तिला फक्त पंधरा दिवस दिसले असतील. मग मागचंही दिसायला लागलं. ताईला ते तिच्या तोंडावर स्पष्ट वाचता आलं, आणि तिथून नजर काढता येईना.

“कागदाची पट्टी,” धाकटी हळूच म्हणाली. “म्हणजे माझा हात वाकडा नव्हता.”

“अगं, तसं नाही…”

“अठरा वर्षं, ताई. मी रोज यायचे तुझ्याकडे. तू म्हणायचीस, आण इकडे.”

“मी तुझ्यासाठीच…”

“माझ्यासाठी काय?”

आईवेगळ्या पोरीला घास भरवणारी ती, पण त्या घासाबरोबर आपण काय भरवत आलो हे तिला आता कळत होतं, आणि ते सगळ्यांसमोर कळत होतं.

मालकांना मात्र गोधड्या द्यायच्या होत्या. त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला. आखूड चौकटी पंधराशे वीस, बरोबर चौकटी एकशे साठ. “बहुमत झालं,” ते म्हणाले. “ताईंच्या उसवा आणि फुटाने शिवा. गोधडी दोन इंच लहान होईल. गादी तर झाकेल ना?”

“माझ्या वेगळ्या काढा,” ताई म्हणाली. “दोन गोधड्या होतील त्यांच्या. दोन तरी बरोबर जाऊ देत.”

“अठ्ठावीस आखूड आणि दोन लांब? एकावर एक ठेवल्या की गिऱ्हाईक विचारणारच. तुमच्या बरोबर गोधड्यांनीच माझी चूक उघडी पडेल, ताई. सगळ्याच चुकल्या तर कोण मोजतंय?”

त्यांनी एक सवलत दिली. उसवायचा त्रास नको असेल तर वरूनच दुसरी शिवण मारा, म्हणाले. पण तिच्या हातून दुहेरी शिवण पडणं शक्य नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तिने ब्लेड घेतलं. एका चौकटीत पंधरा शिवणी, अशा एकशे साठ चौकटी. कठड्यावरचा तो फूट स्वतःच्या हाताने मशीनला लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कापड भिंतीला टेकवून, समजून उमजून, चुकीचं शिवायला लागली. शिवण सुरेख येत होती.

वसतिगृहाने तीसच्या तीस गोधड्या घेतल्या. कुणी मोजल्या नाहीत. छान झाल्यात, असा निरोपही आला.

त्यानंतर धाकटीने एक जुनं पोस्टकार्ड घेतलं, त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि बाराच्या बारा फुटांना चिकटवल्या. ताईच्या मशीनपाशीही आली, पट्टी चिकटवली, नखाने दाबली आणि गेली. सगळ्यांना तिने एकाच वाक्यात समजावलं: घडीत कापड दोरा खातं, म्हणून दोराभर आत. तीस वर्षं जपलेलं गुपित सांगायला एवढाच वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून अकराही जणींच्या चौकटी साडेबारा येऊ लागल्या. गरज सरो, वैद्य मरो. ताईकडे आता कुणी काही घेऊन येत नव्हतं. पाठीमागेसुद्धा कुणी तिला पावइंची म्हणेना. सगळ्याच पावइंची झाल्या होत्या.

जुळवणीचं टेबल धाकटीकडेच राहिलं. अठरा वर्षं दोघी संध्याकाळी एकत्र घरी जात, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी वळत. आता धाकटी पाच मिनिटं आधी आवरून निघून जाई. भांडण नव्हतं. पाणी देई, ताई म्हणून हाक मारी, ताप आला तेव्हा औषधही आणून दिलं. तेच ताईला सोसत नव्हतं. भांडली असती तर पायाशी बसून माफी तरी मागता आली असती.

एकदा दुपारी तिने मान वर केली तर टेबलापाशी धाकटी एका ओळीशी झगडत होती. कुणीतरी घाईत कापड भिंतीला नीट टेकवलं नव्हतं, कोपरा चुकला होता. धाकटीने चौकट उजेडाकडे धरली. अगदी ताई धरायची तशी.

ताई उठली. चार पावलं चालून टेबलापाशी गेली. हात पुढे केला.

“आण इकडे.”

धाकटीने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

“राहू दे, ताई,” ती म्हणाली. “माझं मी उसवते.”

आणि तिने ब्लेड घेतलं. ताई आपल्या मशीनवर जाऊन बसली आणि पुढचे दोन तुकडे भिंतीला टेकवले.